हूल

माझ्या हुलीला त्यांनी थरथर म्हटलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

दर महिन्याच्या एक तारखेला ‘ओघ’चा अहवाल येतो. किती तास खेळलात, किती वेळा बाद झालात, मनगटावर ताण किती आला, वगैरे. मी तो कधीच उघडत नसे. ऑगस्टचा उघडला, कारण वरच हिरव्या अक्षरांत माझं अभिनंदन केलेलं होतं. ‘वैजयंता चौगुले, वय ४६. गेल्या आठ वर्षांत आम्ही तुमच्या खेळातली थरथर शंभर टक्के काढून टाकली आहे.’ सोबत एक छोटी चित्रफीत. डाव्या बाजूला माझ्या बोटांनी काय दाबलं ते, उजव्या बाजूला पडद्यावरच्या मैदानात मी काय केलं ते. डाव्या बाजूला मी उजवीकडचं बटण क्षणभर, अर्धवट दाबलं होतं आणि लगेच डावीकडचं पूर्ण. उजव्या बाजूला मी थेट डावीकडे पळाले होते. ते अर्धवट दाबणं लाल रेघेने खोडून खाली लिहिलं होतं, ‘थरथर’.

अहो, ती हूल होती! खो-खोमध्ये पाठलाग करणारीला उजवा खांदा दाखवायचा, तिचं वजन तिकडे झुकलं की डावीकडून निसटायचं. एकोणिसाव्या वर्षी याच हुलीवर मी जिल्ह्याच्या संघात गेले. पुढे राज्याच्या अंतिम सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि मैदान सुटलं. सव्वीस वर्षं मी बसच्या पायरीवरसुद्धा जपून पाय ठेवते. आठ वर्षांपूर्वी ‘ओघ’वर ‘मैदान’ हा खो-खोचा खेळ आला, तेव्हा पडद्यावर का होईना, मी पुन्हा पळायला लागले. रोज कापड गिरणीत दोष तपासून घरी यायचं, हातपाय धुवायचे आणि पळायचं. ती आठ वर्षं मी हूल देत होते आणि ते ती खोडत होते.

‘ओघ’ कधी वापरलाच नाही असं कुणी उरलं असेल, तर त्यांच्यासाठी थोडं सांगते. घरात कॉम्प्युटर असण्याचे दिवस संपून दहा वर्षं झाली. आता घरात असतो पडदा, काड्यापेटीएवढी एक डबी आणि हातात धरायचा कंट्रोलर. सगळी गणितं, सगळी चित्रं दूरच्या डेटा सेंटरमध्ये होतात. बटण दाबलं की निरोप तिकडे जातो, तिथे चित्र तयार होतं आणि परत येतं. इचलकरंजीहून जाऊन-येऊन ऐंशी मिलिसेकंद, पापणी लवते त्याहून कमी. सिनेमा बघणाऱ्याला याचं काहीच वाटत नाही. खेळणाऱ्याच्या बोटाला मात्र कळतं. बोट पुढे, चित्र मागे, गुडघाभर पाण्यातून पळल्यासारखं.

अंतर कमी करता येत नव्हतं, म्हणून ‘ओघ’च्या लोकांनी वेगळीच वाट काढली. तुम्ही बटण दाबण्याआधीच काय दाबणार ते ओळखायचं. बोट हलण्याच्या जरा आधी हाताचे स्नायू ताणले जातात, पकड किंचित बदलते. कंट्रोलरच्या आवरणात दाब मोजणारे धागे असतात, ते हा बदल टिपतात. त्यावरून आणि तुमच्या जुन्या खेळावरून अंदाज बांधायचा आणि चित्र आधीच काढून पाठवायचं. याला ते ‘पुढचं पाऊल’ म्हणतात. अंदाज बरोबर आला की उशीर शून्य, आणि शंभरांतले सत्त्याण्णव बरोबर येतात.

उरलेले तीन चुकतात तेव्हा काढलेलं चित्र पुसून नवं काढावं लागतं. पडदा दचकतो, गिऱ्हाईक चिडतं. त्यावर उपाय म्हणून आली ‘सौम्य दुरुस्ती’. तुमचं बोट आणि त्यांचा अंदाज यांत फरक थोडा असेल, तर अंदाजच खरा धरायचा. तुम्ही अगदी उलट्या दिशेला गेलात, तरच ‘ओघ’ हार मानतो. हे सगळं करारनाम्यात लिहिलेलं आहे. मी तो वाचला नव्हता. तुम्हीही वाचला नसेल.

मी त्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता.

“मॅडम, वयानुसार हाताला थोडी थरथर येतेच. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.”

“थरथर नाही ती. मी मुद्दाम करते.”

“मुद्दाम? पण मॅडम, तुम्ही आधी उजवं बटण दाबता आणि मग डावीकडे जाता. तुम्हाला जायचं डावीकडेच असतं ना?”

“हो.”

“मग आम्ही तुम्हाला तिथे लवकर पोचवतोय.”

अंगाची नुसती लाही लाही झाली. पण याला काय सांगणार? जन्मात कुणाला चकवून पळाला नसेल तो.

त्याच आठवड्यात ‘सावली’चं प्रकरण झालं. तुमचा अंदाज इतका चोख बांधता येतो, तर तुमच्याशिवायही तुमचा खेळ खेळता येईल, असं ‘ओघ’ने ठरवलं. तुम्ही हजर नसाल तर तुमची सावली तुमच्या जागी पळते. त्या दिवशी सरावाची वेळ झाली आणि माझे हात भाकरीच्या पिठात होते. मी कंट्रोलर शिंक्यात ठेवला आणि म्हटलं, बघू तरी. पिठलं झालं, भाकऱ्या होत आल्या, आणि कुमुदचा फोन आला.

कुमुद आवटी म्हणजे ‘मैदान’च्या लीगमध्ये खेळणाऱ्या आमच्या वीणकर महिला संघाची कॅप्टन. शाळेपासून आम्ही एकाच तुकडीत पळायचो. तिच्या आवाजात कौतुक नुसतं ओसंडत होतं.

“वैजू, काय खेळलीस गं आज! आठ वर्षांत अशी खेळली न्हाईस. एक पाऊल वाकडं न्हाई!”

तव्यावर शेवटची भाकरी होती. ती उलटायची राहिली आणि करपली.

“कुमे, मी न्हवतो ती,” मी म्हटलं. आमच्याकडे बायकाही ‘येतो-जातो’च म्हणतात. “मी भाकऱ्या करत हुतो.”

मग ती म्हणाली, “बरं, मी उद्या येतो.”

दुसऱ्या दिवशी ती आली, बाहेरच्या सोप्यात बसली, चहा घेतला आणि कपाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. ती अशी करायला लागली की पुढे काहीतरी नको ते येणार, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

“दसऱ्यानंतर आठ दिवसांनी फायनल हाय,” ती म्हणाली. “सावलीला बसवूया. तुझ्याच नावानं खेळंल. तुझीच हाय की ती.”

“आणि मी काय करू?”

“बघ की. टाळ्या वाजव.”

“कुमे!”

“चिडू नगंस. सराव सामन्यात तू तीन मिनिटांच्या आत बाद हुतीस. सावली तीन चाळीसपर्यंत टिकती. मी दोन्ही मोजलंय.” मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “राज्याची फायनल तुझ्या गुडघ्यानं घालवली. ही तुझ्या हट्टानं घालवू नगंस.”

सव्वीस वर्षांत हे वाक्य तिने कधी उच्चारलं नव्हतं. पण तिच्या जिभेवर ते तेव्हापासून बसलेलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी उठले आणि तिचा अर्धा राहिलेला कप उचलून मोरीत ओतला.

“ऐक,” मी म्हटलं. “लीगच्या नियमात स्वतःचं मशीन लावायची परवानगी हाय. मी माझं मशीन बांधतो. फायनलच्या पाच दिवस आधी चाचणी घे. तुम्ही नऊ जणी माझ्या मागं पळा. आधी सावली पळंल, मग मी. जी जास्त टिकंल ती खेळंल.”

“मशीन बांधणार? कुठनं? घरात कॉम्प्युटर कुणाच्यात हाय आता?”

“ते माझं मी बघतो.”

बोलायला बोलून बसले. कॉम्प्युटर शेवटचा उघडून पाहिला होता तो शाळेच्या प्रयोगशाळेत, तोही झाकणाच्या बाहेरून.

आमच्या गावात यंत्रमागांची कंट्रोल कार्डं बिघडली की लोक मोमीन आपांकडे जातात. रुकसाना मोमीन, वय सत्तरच्या पुढे, चष्म्यावर आणखी एक भिंग लावलेलं. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. फळ्यांवर जुनी कार्डं, पंखे, वायरींची भेंडोळी. मी माझी यादी पुढे ठेवली. रात्रभर जागून नव्हे, गिरणीतल्या जेवणाच्या सुट्टीत केली होती. सर्वांत मोठं ग्राफिक्स कार्ड, सर्वांत जास्त कोअरचा प्रोसेसर आणि रंगीत दिव्यांचा काचेचा कॅबिनेट.

आपांनी यादी वाचली आणि भिंगातून माझ्याकडे पाहिलं.

“लग्न हाय का कुणाचं?”

“का ओ?”

“दिवे कशाला मग?” त्यांनी यादीवर आडवी रेघ मारली. “तुला काय करायचं ते सांग. सामान मी सांगतो.”

मी सांगितलं. हूल, थरथर, सावली, सगळं. आपा शांतपणे ऐकत होत्या. मागाचा धोटा इकडून तिकडे पळताना बघून ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना मिलिसेकंद वेगळा समजवावा लागत नाही.

“म्हंजे चित्र सुंदर नको, ताबडतोब पाहिजे,” आपा म्हणाल्या. “मग सगळं बदललं. बस.”

त्या दिवशी मला कळलं की कॉम्प्युटर बांधताना सर्वांत चांगल्या वस्तू घ्यायच्या नसतात. एकमेकींना थांबवणार नाहीत अशा घ्यायच्या असतात. शाळेत पळायला आमची तिघींची तुकडी निवडतानाही खो-खोचे सर असंच करायचे. प्रोसेसर आपांनी आठच कोअरचा काढला, जुना, पण एकेक काम झटक्यात उरकणारा. “सोळा गडी ठेवून काय करशील, निर्णय एकाच गड्याला घ्यायचा हाय.” रॅम दोन पट्ट्यांची, एकसारखी, एकाच हाताने घडवलेली. साठवणीला लहानशी एसएसडी, कारण एकच खेळ ठेवायचा होता.

“आणि पॉवर सप्लाय?” मी विचारलं. यादीत तो मी शेवटी लिहिला होता.

“तो सगळ्यात आधी,” आपा म्हणाल्या. “लोक सगळा पैसा दिसणाऱ्या वस्तूत घालतात आणि हा पेटीतला शेवटचा डबा स्वस्तातला घेतात. मग एक दिवस तो जळतो आणि बाकीच्यांना घेऊन जळतो. आपल्या गावात वीज कशी नाचती ते तुला म्हाईत हाय.” त्यांनी एक जड, काळा डबा माझ्या मांडीवर ठेवला. वजनानेच विश्वास बसावा असा होता.

अडलं ते ग्राफिक्स कार्डावर. गेल्या सात वर्षांत निघालेल्या प्रत्येक कार्डात कुलूप असतं. चालू होताना ते कंपनीला विचारतं, मी कुणाच्या घरात आहे? आणि घर ओळखीचं नसेल तर झोपून राहतं. बिनकुलपाचं जुनं कार्ड हवं होतं, आणि ती सगळी केव्हाच भंगारात गेलेली.

मी घरी येताना मुद्दाम चालत आले. गिरणीच्या कुंपणापाशी थबकले. मागच्या शेडमध्ये कापड तपासायचं आमचं जुनं मशीन पडून होतं. धावत्या कापडाकडे कॅमेऱ्यातून बघत तुटलेला धागा, सुटलेली वीण, तेलाचा डाग, सगळं ते टिपायचं. ते आल्यावर आम्हा बारा जणींतल्या सात जणी घरी बसल्या. आम्ही उरलेल्या पाच जणी त्या मशीनने पकडलेला दोष खरा की खोटा ते बघायचो. त्याच्यावर माझा राग होता. पण ते बघायचं कशाने? त्याच्या पोटात ग्राफिक्स कार्डच होतं, नऊ वर्षांपूर्वीचं, बिनकुलपाचं.

मॅनेजरांना रीतसर अर्ज दिला. भंगाराच्या यादीतून मला ते कार्ड मिळालं. आपांनी त्याच्यावरची सुताची पुटं ब्रशने काढली. “नऊ वर्षं पळत्या कापडाकडं बघतंय हे,” त्या म्हणाल्या. “पळत्या बाईकडं बघायला काय हरकत हाय?”

कंट्रोलर मात्र मला अजिबात नको होता. माझ्या स्नायूंशी परस्पर बोलणारी वस्तू हातात धरायची नव्हती. आपांनी जुन्या मागाच्या पॅनेलवरची चार बटणं काढली, हिरवी, अंगठ्याएवढी, आत पितळी पट्टी. दाबलं की टक्. दाबलं तेवढंच, दाबलं तेव्हाच. लाकडी फळीवर ती बसवून वायर जोडली आणि मी ती फळी मांडीवर घेतली. अर्धवट दाबून सोडलं तर बारीक टक्, पूर्ण दाबलं तर ठसठशीत. माझ्या पावलांचा आवाजच होता तो. मला तिथेच रडू आलं आणि आपांनी उगाच एक वायर शोधायला पाठ फिरवली.

घरी टेबलावर मी स्वतःच्या हाताने जोडणी केली. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला खुणेचा त्रिकोण मदरबोर्डवरच्या त्रिकोणाशी जुळवला, वर पंखा कसला, रॅमच्या पट्ट्या दोन्ही कडा लागेपर्यंत दाबल्या, कार्ड खाचेत बसवलं. कॅबिनेट म्हणून आपांनी कंट्रोल पॅनेलचा पत्र्याचा डबा दिला होता, त्याला गिरमिटाने भोकं पाडली. दिवस खंडेनवमीचा होता. दुपारी बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. परत दाबलं, काळाच. कार्ड काढून घातलं, वायरी तपासल्या, काही नाही. चाचणी चार दिवसांवर होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी डबा रिक्षात घालून आपांकडे नेला. दुकानात ही रांग. प्रत्येकाच्या हातात मागाचं एक कार्ड.

आपांनी माझा डबा उघडला, आत वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“तू पण?”

“मी काय केलं?”

“पूजा केलीस न्हवं?”

केली होती. खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. गावातल्या प्रत्येक मागाला हळदकुंकू लागतं, मग माझ्या मशीनला नको? झाकण लावायच्या आधी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं आणि मगच बटण दाबलं.

“रॅमच्या खाचेत कुंकू हाय,” आपा म्हणाल्या. “तेलात कालवलेलं. अक्षता पंख्यात.” मग रांगेकडे हात करून म्हणाल्या, “ही सगळी त्याचीच हाईत. चाळीस वर्षं झाली, दसरा झाला की आठ दिवस मी निस्तं कुंकू झाडत बसतो. तुमचा देव पावतो का न्हाई म्हाईत न्हाई, मला मात्र दरसाल पावतो.”

रांगेतले सगळे हसले. मीही हसले. आपांनी खाच स्पिरिटने धुतली, पट्ट्या पुसल्या, परत बसवल्या. पडदा उजळला. मी डब्याच्या बाहेरच्या बाजूला, पत्र्यावर, तिथल्या तिथे एक कुंकवाचं बोट ओढलं. आपांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

चाचणीला कुमुद माझ्या घरीच आली. कॅप्टन आणि पंच ती एकटीच, आणि पाठलागालाही तीच. तिने आपली डबी सोप्यातल्या पडद्याला लावली. बाकीच्या आठ जणी आपापल्या घरून. मी आतल्या खोलीत, मांडीवर फळी. मधलं दार उघडं होतं.

आधी सावली पळाली. पडद्यावर माझा चेहरा, माझं नाव, माझा जुना सात नंबर. रेषा आखून दिल्यासारखी ती पळत होती. तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी ती बाद झाली. कुणी ओरडलं नाही, कुणी हळहळलं नाही. कुमुदने कागदावर आकडा लिहिल्याचा आवाज तेवढा आला.

मग मी.

इथे विज्ञानाचं आणखी एक बारीक टोक आहे, आणि माझा सगळा डाव त्याच टोकावर उभा होता. मी माझ्या मशीनवर पळत होते, पण पाठलाग करणाऱ्या ‘ओघ’वर होत्या. त्यांच्या पडद्यावर मी ऐंशी मिलिसेकंद शिळी दिसू नये, म्हणून ‘ओघ’ त्यांना मी पुढे कुठे असेन त्याचा अंदाज काढून दाखवत होता. आणि तो अंदाज कशावरून? माझ्या आठ वर्षांच्या खेळावरून. त्या आठ वर्षांतली प्रत्येक हूल तर त्यांनी स्वतःच खोडली होती! माझ्या हाताऐवजी आपलाच अंदाज लिहीत गेले, आणि पुढचा अंदाज त्यावरूनच बांधत गेले. माझ्या नावाची भली मोठी फाइल होती त्यांच्याकडे, आणि तिच्यात मी नव्हते.

मी उजवीकडे झुकले की ‘ओघ’ मला उजवीकडेच पळताना दाखवणार. आणि लीगचा नियम असा की धावणारीचं मशीन सांगेल तीच तिची खरी जागा.

मी उजवीकडे अर्धं टक् केलं आणि डावीकडे निसटले. पाठलाग करणारी सरळ गेली आणि रिकाम्या जागेवर झेपावली. दुसरी उठली, तीही हवेलाच शिवली. हेडफोनमध्ये एकच गलका झाला. “अगं हितंच हुती की!” “दिसती एकीकडं आणि असती एकीकडं!” “कुमुदताई, हे काय चाललंय?” एक मिनिट. दोन मिनिटं. माझा गुडघा टेबलाखाली आपोआप हलत होता, दुखत नव्हता. सव्वीस वर्षांनी मी कुणाला तरी चकवत होते आणि चकलेली माणसं माझ्या नावाने ओरडत होती.

तीन मिनिटं झाली. तीन पंधरा.

कुमुद मधल्या चौकात बसली होती. तिला खो मिळाला. हेडफोनमधून “खो” ऐकू आला आणि मी दोन्ही खुंटांच्या मध्ये आले. उजवीकडे अर्धं टक्. तिच्या पडद्यावर मी उजवीकडे निघालेली दिसणार, ती तिकडे उठणार. मी डावीकडचं बटण दाबलं.

ती डावीकडे उठली. पडद्यावर दिसणाऱ्या मला सोडून, अगदी उलट्या दिशेला. इतका मोठा फरक ‘ओघ’लाही दुरुस्त करता येईना. तिचा पडदा असा दचकला की सोप्यातून तिची शिवी ऐकू आली. आणि डाव्या खुंटापाशी तिने झेप घेतली. मी बाद.

तीन मिनिटं एकतीस.

मी फळी बाजूला ठेवली. नऊ सेकंद. सोप्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि कुमुद दारात येऊन उभी राहिली. तिला धाप लागली होती, खुर्चीत बसून.

“नऊ सेकंद कमी पडलीस,” ती म्हणाली.

“म्हाईत हाय. कसं पकडलंस ते सांग.”

“दार उघडं हुतं.” तिने माझ्या फळीकडे बोट केलं. “बारीक टक्, मग मोठं टक्. पडद्याकडं बघितलंच न्हाई मी. शाळंत तुझी पावलं अशीच वाजायची. बारीक पाऊल उजवं, मोठं डावं.”

“हे नियमात बसत न्हाई.”

“हूल नियमात बसती व्हय?”

मला हसू आलं आणि तिलाही. मग तिचं हसू मधेच थांबलं. ती माझ्या पलंगाच्या कडेवर बसली आणि हातातला कागद उलटसुलट करत राहिली. हेडफोनमध्ये आठ जणी विचारत होत्या, काय ठरलं, काय ठरलं.

“सावलीला पकडताना मला कायच ऐकू आलं न्हाई वैजू,” ती म्हणाली. “तीन मिनटं चाळीस सेकंद तुझं तोंड बघत पळालो, आणि तू त्यात न्हाईस हे मला कळत हुतं. तरी मी आकडा लिवला.” तिने डोळे पुसले, पदराने, रागारागाने. “तुझ्या गुडघ्यानं न्हवतं घालवलं तवा. मी खो उशिरा दिला हुता. सव्वीस वर्षं मी तुझ्या गुडघ्याच्या मागं लपलो.”

मी तिच्याजवळ सरकले. तिचा हात धरला. तो थरथरत होता, खरोखरचा.

“फायनलला मी खेळणार का?” मी विचारलं.

“सावली नऊ सेकंद जास्त टिकली.”

“हो.”

“कॅप्टन कोण हाय?” तिने माझा हेडफोन ओढून घेतला आणि त्यात ओरडून सांगितलं, “वैजू खेळणार! ज्यांना सावल्या पाठवायच्यात त्यांनी आपल्या घरात भाकऱ्या कराव्या!”

फायनल आम्ही दोन गुणांनी हरलो. मी चार मिनिटं आठ सेकंद टिकले, ती माझी आयुष्यातली सर्वांत मोठी खेळी. कुमुदने ‘ओघ’वरच, पण पडद्याकडे पाठ फिरवल्यासारखं खेळून तिघींना बाद केलं आणि एक सोपा खो परत उशिरा दिला. या वेळी लगेच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, माझा उशीर झाला. समोरच्या संघाने करंडक घेतला. त्यांच्यातल्या पाच सावल्या होत्या, त्यामुळे फोटोला चारच जणी आल्या.

एक तारखेला अहवाल आला. माझ्या नावापुढे या वेळी लाल अक्षरं होती. फायनलपुरतं माझं मशीन लीगला जोडलेलं होतं, त्याची नोंद त्यांनी केली होती. ‘थरथर : तीनशे अठ्ठ्याऐंशी. गंभीर. कृपया आमच्या सल्लागाराशी बोला.’ मी त्याची गिरणीत छापील प्रत काढली आणि पत्र्याच्या डब्यावर, कुंकवाच्या बोटाच्या खाली, चिकटवली. डब्याच्या बाहेरच्या बाजूला.

त्या रविवारी कुमुद मला मोमीन आपांच्या दुकानात ओढत घेऊन गेली. तिची यादी तयार होती. सर्वांत मोठं ग्राफिक्स कार्ड, सोळा कोअरचा प्रोसेसर आणि रंगीत दिव्यांचा काचेचा कॅबिनेट.

आपांनी यादी वाचली, भिंगातून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“हिला सांग तूच,” त्या मला म्हणाल्या.

मी दुकानाच्या फळीवरून पॉवर सप्लायचा तसाच एक जड, काळा डबा उचलला आणि कुमुदच्या मांडीवर ठेवला.